सोडवलेलं हँडल

माझी सायकल पहिल्यांदा पाहणारा माणूस आधी हसतो, मग गंभीर होऊन विचारतो, "बाई, तुम्हाला काही झालंय का?" कारण ही सायकल मी बसून नाही, जवळजवळ निजून चालवते. पाठीला टेकायला जाळीची खुर्ची, पाय पुढे ताणलेले, पॅडल पुढच्या चाकाच्याही पुढे आणि लांबलचक हँडल पार छातीपर्यंत आलेलं. गावात तिला 'खाटली' म्हणतात. मी हायस्कुलात गणित शिकवते. 'खाटलीवाल्या बाई' हे नाव मला मुलांनी नाही, त्यांच्या आईबापांनी दिलं. म्हणोत बापडे.

आणि झालंय म्हणाल तर झालंय. चार वर्षांपूर्वी मणक्याची चकती सरकली आणि डॉक्टरांनी साधी सायकल, स्कूटर दोन्ही बंद केल्या. आमच्या गावापासून शाळा सहा किलोमीटर, मध्ये एक टेकडी. एसटीची वेळ शाळेच्या वेळेशी कधी जुळली नाही आणि रिक्षातून गेले की संध्याकाळी पलंगावरून उठवत नसे. नोकरी सोडायचा अर्ज मी लिहूनही ठेवला होता. तेवढ्यात ओळखीतून कळलं, की अलिबागेजवळ बंगला असलेले मुंबईचे एक वयस्क गृहस्थ कायमचे परदेशी मुलीकडे निघालेत आणि त्यांच्याकडे अशी एक विचित्र सायकल पडून आहे. पाठीसाठीच त्यांनी ती घेतली होती, रो-रो बोटीतून मुंबईहून आणली होती, आणि जेमतेम चारदा चालवली होती. "न्या," म्हणाले. मी नेली. पंधरा दिवस गावातल्या मैदानावर आपटून घेतलं आणि सोळाव्या दिवशी टेकडी चढून शाळेत गेले. अर्ज फाडून टाकला.

या सायकलीला एकच खोड होती, पण ती जिवावरची होती. टेकडीच्या पलीकडच्या उतारावर वेग वाढला की हँडल आपोआप थरथरायला लागे. आधी बारीक, मग एकदम जोरात, डावी-उजवीकडे, हाताला न जुमानता. घट्ट धरलं तर आणखीच चेकाळे. पहिल्यांदा झालं तेव्हा मी ब्रेक दाबून कशीबशी थांबले आणि रस्त्याच्या कडेला तशीच आडवी पडून राहिले. मागून आलेल्या एका मोटरसायकलवाल्याला वाटलं, बाई आराम करतायत.

त्या गृहस्थांना कळवलं तर ते म्हणाले, लांब हँडल आणि छोटं चाक असलं की असं होतंच, त्यावर औषध आहे, माझ्याकडे घेऊन ठेवलंय, घालायचं राहून गेलं. महिन्याभराने पार्सल आलं. आत काळ्या रंगाचा एक हेडसेट. हँडल आणि पुढचं चाक धरणारा चिमटा फ्रेममध्ये जिथे फिरतो तिथल्या वरखालच्या कटोऱ्यांना हेडसेट म्हणतात. साध्या सायकलीत त्यात छर्रे आणि ग्रीस असतं, बस. याच्या वरच्या कटोरीत पातळ चकत्या एकावर एक रचलेल्या होत्या आणि त्यांच्यामध्ये कसलं तरी दाट, चिकट, पारदर्शक ग्रीस भरलेलं. काकवीत चमचा फिरवल्यासारखं त्याचं काम. सावकाश वळवाल तर वळेल, एकदम झटका द्याल तर अडेल. म्हणजे वळणावर वळता येईल, पण थरथर सुरूच होणार नाही.

ही खोड आणि हे औषध, दोन्ही मी एका माणसाला सांगितलं नाही. आमच्या मिस्टरांना. ते कुवेतला असतात, बावीस वर्षं झाली. मोठ्या इमारतींच्या एसीच्या यंत्रांची देखभाल करतात. आमच्या मोहल्ल्यात निम्म्या घरातलं कोणी ना कोणी तिकडे आहे, आणि इथला एक अलिखित कायदा आहे. परदेशातल्या माणसाला फोनवर वाईट सांगायचं नाही. तो तिथून काय करणार, नुसता झुरणार, म्हणून. माझ्या सासूबाईंचा पाय मोडला ते मी प्लास्टर निघाल्यावर सांगितलं. शेजारणीने वादळात छप्पर उडाल्याची बातमी नवे पत्रे बसल्यावर नवऱ्याला दिली, तीही 'पत्रे बदलले' एवढीच. आम्ही सगळ्या यात तरबेज आहोत. मला याचा अभिमानसुद्धा होता, खोटं कशाला बोलू. शिवाय उतारावर हँडल थरथरतं असं कळलं असतं तर मिस्टरांनी पहिलं वाक्य म्हटलं असतं, "ती खाटली विकून टाक." मग शाळा संपली.

हेडसेट बसवायला मी सायकल टेम्पोत घालून अलिबागला नेली. तिथे एक सायकल मिस्त्री आहेत, साठीचे, रेवसकडचे. दुकान म्हणजे एक पत्र्याची शेड आणि दोन बाकडी. त्यांनी सायकलीभोवती दोन फेऱ्या मारल्या, मग पुढचं चाक उचलून हँडल हलवून पाहिलं, कारण कुठलीही सायकल आली की ते आधी हेच करतात. चाक उचलल्यावर हँडल आपल्या वजनाने झोकात फिरलं पाहिजे. फिरलं नाही तर खाऱ्या हवेने कटोऱ्या गंजल्या, छर्रे अडकले, हँडल जाम. आमच्या किनाऱ्यावर सगळंच जाम होतं. कड्या, कुलुपं, बिजागऱ्या, पंख्याचं बटण, शिलाई मशीन. जाम झालेलं सोडवणं हाच इथल्या मिस्त्रींचा निम्मा धंदा.

जुन्या कटोऱ्या त्यांनी आतून लाकडी ठोकळा लावून ठोकून काढल्या. नव्या बसवायला त्यांच्याकडे स्वतः बनवलेलं साधन होतं. एक लांब आट्यांचा बोल्ट, दोन जाड वायसर. पाना फिरवत फिरवत त्यांनी कटोऱ्या फ्रेममध्ये अशा सरळ उतरवल्या की मी बघतच राहिले. मी शेजारी बसून पार्सलमधला इंग्रजी कागद मराठीत वाचून दाखवत होते. सगळं जोडून झाल्यावर त्यांनी सवयीने चाक उचललं. हँडल जागचं हललं नाही. हाताने ढकललं तर जडपणाने, आळसटल्यासारखं वळलं.

"जाम हाय," ते म्हणाले.

"तसंच पाहिजे, काका."

त्यांनी माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बाई, चाळीस वर्सं लोकांचं जाम झालेलं सोरवून देतोय. आज पैल्यांदा जाम करून देतोय."

त्या दिवसापासून उतारावर काही म्हणता काही झालं नाही. वेग वाढायचा, हँडल आपलं गप्प. दोन महिने मी त्या उतारावरून गाणी म्हणत उतरले.

मग मिस्टर सुट्टीवर आले. त्यांची सुट्टी म्हणजे दोन महिन्यांची दुरुस्ती मोहीम. दहा महिन्यांत घरात जे जे जाम झालेलं असतं त्याच्या मागे ते हात धुऊन लागतात. सकाळी नाश्ता झाला की डिझेलची बाटली, पिवळ्या ग्रीसचा डबा, जुन्या लुंगीच्या चिंध्या घेऊन ओट्यावर बसायचे. मागच्या दाराची कडी सोडवली. विहिरीवरचा रहाट सोडवला. माझ्या लग्नातल्या पेटीचं कुलूप, जे मीच पंधरा वर्षं उघडलं नव्हतं, तेही सोडवलं. मी चिडवायचे, "तुमची कंपनी तिकडे पगार देते, इथे मी जेवण देते, काम एकच." ते हसायचे. पण मला ठाऊक होतं, की घरात आपला हात लागलेला असावा एवढीच त्यांची धडपड असते. पुढचे दहा महिने मी कडी लावताना त्यांची आठवण काढावी. आणि मी काढतेही.

जायच्या आदल्या दिवशी दुपारी मी बाजारात गेले होते. त्यांच्यासाठी सुका जवळा आणि पापड बांधून द्यायचे होते. परत आले तेव्हा ते हात धूत होते, कोपरापर्यंत काळे. "काय केलंत?" म्हटलं तर "कळेल," म्हणाले. डोळ्यांत मिश्किलपणा होता. मी बॅग भरायच्या गडबडीत होते, विसरून गेले. दुसऱ्या दिवशी पहाटे ते निघाले. रेवसहून लाँचने भाऊच्या धक्क्याला जायचं आणि तिथून विमानतळ, हा त्यांचा ठरलेला रस्ता. बाकी सगळे मुंबईपर्यंत गाडी करतात, पण यांना जाताना पाण्यावरून जायचं असतं.

ते रविवारी गेले. सोमवारी मी शाळेला निघाले. सायकल अंगणातून बाहेर काढतानाच हँडल हलकं लागलं. आता लिहिताना मी स्वतःला शिव्या देते, पण तेव्हा मला ते नुसतं बरं वाटलं. मन जाग्यावर नव्हतं. घरात एक कप कमी विसळला होता, त्याचाच विचार. टेकडी चढले, खिंडीत दम घेतला आणि उतार लागला.

पहिल्या वळणापर्यंत सगळं नेहमीसारखं. मग ती थरथर. मला आधी विश्वासच बसला नाही. हे तर बंद झालं होतं! आणि तोवर हँडल माझ्या हातातून निसटून डावी-उजवी आपटायला लागलं होतं. ब्रेक दाबला, मागचं चाक घसरलं, समोरून एसटी वर चढत होती, तिचा भोंगा मला अजून ऐकू येतो. मी उजव्या कुशीवर पडले आणि तशीच घसरत जांभ्या दगडाच्या गटारात गेले. एसटी माझ्या पायांपासून चार हातांवर थांबली. चार हात मी अंदाजाने म्हणत नाही. ड्रायव्हर खाली उतरला तेव्हा त्याला माझ्यापर्यंत यायला किती पावलं लागली ते मी मोजलं होतं. गणिताची बाई, काय करणार. कोपर आणि खांदा सोलून निघाला होता, हेल्मेटला भेग गेली होती. ड्रायव्हर "मॅडम, मॅडम," एवढंच म्हणत राहिला. मला रडू आलं नाही, दुखलंही नाही. नुसतं डोकं बधिर झालं होतं आणि त्यात एकच गोष्ट घुमत होती, की हे होणं शक्य नाही.

दुखायला लागलं दुपारी, आणि त्याबरोबर राग आला. मी अलिबागच्या मिस्त्रींना फोन करून नको नको ते बोलले. तुम्ही काम नीट केलं नाही, तुमच्यामुळे आज मी एसटीखाली गेले असते, असं सगळं. ते ऐकून घेत राहिले आणि शेवटी म्हणाले, "गाडी घेऊन या, बाई. मी उघडून बघतो." बुधवारी टेम्पो करून गेले. हात बांधलेला होता. त्यांनी आधी माझ्या हाताकडे पाहिलं, मग सवयीने चाक उचललं. हँडल झोकात फिरलं.

त्यांनी पाना घेतला आणि वरची कटोरी उघडली. आत चकत्या चकचकीत होत्या, एकेक धुऊन पुसून ओळीने रचलेल्या, इतक्या नीट की मिस्त्रींनीही मान हलवली. आणि त्यांच्यामध्ये त्या दाट चिकट ग्रीसचा मागमूस नव्हता. पिवळं ग्रीस होतं. एका चकतीच्या कडेला हिरव्या चौकड्याच्या कापडाचा एक धागा अडकला होता.

"ह्ये कोनी केलं?" त्यांनी विचारलं.

ती हिरव्या चौकड्याची लुंगी मी आठ वर्षं धुतली होती, फाटल्यावर मीच तिच्या चिंध्या केल्या होत्या. 'कळेल,' म्हणाले होते. दोन महिने घरात फिरून सगळं सोडवलं आणि सर्वात शेवटी, मला न सांगता, माझ्या सायकलीचं जाम झालेलं हँडल सोडवलं. सगळ्यात मोठी भेट शेवटी राखून ठेवली होती.

मी मिस्त्रींची माफी मागितली. मान वर करवत नव्हती. "मिस्टरांनी केलं," म्हटलं, "मी त्यांना सांगितलंच नव्हतं."

"मंग त्यांची काय चूक हाय?" मिस्त्री म्हणाले. "तुमी कागद वाचला नसता तं मी बी ह्येच केलं असतं." चकत्या पुसून त्यांनी एका डब्यात ठेवल्या. तसलं ग्रीस मागवायला लागणार होतं. मी निघताना ते मागून म्हणाले, "पन बाई, सायेबांना सांगा. न्हायतं पुढल्या सुट्टीला परत सोरवतील."

हे मात्र खरं होतं. गप्प बसून चालणार नव्हतं. न सांगावं तर पुढच्या वर्षी पुन्हा हाच प्रसंग, आणि तेव्हा एसटी चार हातांवर थांबेलच असं नाही. सांगावं तर त्या माणसाला परक्या मुलखात, एकट्याला, हे कळणार की बायकोला आपण स्वतःच्या हाताने उताराच्या तोंडी दिलं. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार, रोज व्हिडिओ कॉल झाला. रोज मी ओढणी कोपरावर ओढून घेतली आणि हवापाण्याच्या गप्पा मारल्या. ते रोज काहीतरी विचारायचे आणि थांबायचे. मी हँडलबद्दल कधी बोलते याची वाट पाहत होते. मला ते कळत होतं.

शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाल्यावर त्यांचा व्हिडिओ कॉल आला. अंघोळ करून, पांढरा सदरा घालून बसले होते. त्यांना राहवेना.

"सायकल कशी चालते गं? हँडल बघितलंस? कसलं जाम झालेलं! आत कोनी डिंक भरून ठेवलेला काय म्हाईत. तासभर धुतला मी."

मी ओढणी बाजूला केली आणि कोपर फोनसमोर धरलं. मग सगळं सांगितलं. थरथर, पार्सल, मिस्त्री, डिंक नव्हे ते औषध होतं, सोमवारचा उतार, एसटी. एका दमात, शिकवल्यासारखं. बावीस वर्षांत मी फोनवर दिलेली ही पहिली वाईट बातमी होती. ते ऐकत होते. मला वाटलं ओरडतील. निदान 'खाटली विक' म्हणतील. त्यांनी फोन टेबलावर उताणा ठेवला, आता मला फक्त छताचा पंखा दिसत होता.

"मी मारून टाकलं असतं तुला," पंख्याकडून आवाज आला.

"तुम्ही नाही, मी. मी सांगितलं असतं तर तुम्ही हात लावला नसता. माझीच चूक आहे." मला तेव्हा रडू फुटलं, चार दिवसांचं साठलेलं. "आता यापुढे काही लपवायचं नाही. काही म्हणजे काही नाही. शपथ घ्या."

मग त्यांनी फोन उचलला. चेहरा पांढरा पडला होता.

"मंग एक सांगतो. ओरडू नको."

आठ महिन्यांपूर्वी त्यांना कामावर छातीत कळ आली होती. दवाखान्यात नेलं, त्याच दिवशी हृदयाच्या नळीत स्टेंट घातला. मनगटातून घालतात, व्रण राहत नाही. चार दिवसांनी खोलीवर परत. सुट्टीत ते व्हिटॅमिनच्या म्हणून ज्या गोळ्या घ्यायचे त्या हृदयाच्या होत्या. डॉक्टरांनी जड उचलायला मनाई केली होती.

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि मला तो दिसत नव्हता. मला आमची गच्ची दिसत होती. सुट्टीच्या दुसऱ्याच आठवड्यात मी त्यांना पाण्याची नवी टाकी दोरीने वर ओढायला लावली होती. मजूर कशाला बोलवायचा, घरात माणूस आहे ना, असं म्हणाले होते मी. अर्ध्यावर ते थांबले होते, कठड्याला टेकून, आणि मला ती कामचुकारी वाटली. खाली अंगणात कमरेवर हात ठेवून मी ओरडत होते, "अजून जोर लावा की!"

आणि त्यांनी लावला होता.